पाव फ्रिजमध्ये नको, फ्रीझरमध्ये ठेवा



पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये पावाचा प्रश्न ठरलेला असतो. या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातील एका भगिनीने तो फार सविस्तर विचारला आहे. त्यांच्या वाडीत पाववाला सकाळी एकदाच येतो. घरात सासू-सासरे, दोन शाळकरी मुले आणि त्या स्वतः. पती आखातात नोकरीला. त्या लिहितात, "बारा पावांची लादी घेतली तर त्यातले सहा संपतात. उरलेले डब्यात ठेवले तर तिसऱ्या दिवशी हिरवे डाग पडतात. फ्रिजमध्ये ठेवले तर दुसऱ्याच दिवशी चामड्यासारखे होतात. सासूबाई डाग पडलेला भाग खुडून टाकतात आणि उरलेला पाव तव्यावर भाजून मुलांना देतात. रिझ्क फेकायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. फ्रीझरमध्ये ठेवू का, असे मी विचारले, तर म्हणाल्या, बर्फातला पाव तो शिळाच. आता आमच्यात बरोबर कोण?"

रिझ्क फेकू नये, हे सासूबाईंचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. आपल्या घरांत जमिनीवर पडलेला रोटीचा तुकडादेखील उचलून बाजूला ठेवतात, तो पायाखाली येऊ देत नाहीत. पण बुरशी लागलेला पाव मुलांच्या ताटात वाढणे हा फेकाफेकीवरचा उपाय नव्हे. उपाय दोन दिवस आधी करायचा असतो, पाव ताजा असतानाच. तो फ्रीझरमध्ये आहे, फ्रिजच्या कप्प्यात नाही. एकाच कपाटातल्या या दोन जागा पावाच्या बाबतीत एकमेकींच्या अगदी उलट वागतात. हे एकदा समजले की बाकीचे सगळे सोपे आहे.

पाव शिळा होतो म्हणजे काय होते?

पाव वाळला की शिळा होतो, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. हवाबंद पिशवीत ठेवलेला पावही दोन दिवसांत कडक होतो, मग त्यातला ओलावा गेला कुठे? फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी 1852 मध्येच दाखवून दिले होते, की पाण्याचा थेंबही न गमावता पाव शिळा होऊ शकतो आणि असा पाव पुन्हा गरम केला की मऊ होतो.

कारण आहे पिठातला स्टार्च. भट्टीत पाव भाजताना स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, सैल होतात. तोच पावाचा मऊपणा. पाव थंड झाला की हे सैल झालेले स्टार्च हळूहळू पुन्हा एकमेकांना धरून घट्ट बसू लागते. पाणी पावातच असते, पण पाव हाताला ताठ आणि दाताला कोरडा लागतो. हे घट्ट बसणे सर्वांत वेगाने होते ते शून्य अंशाच्या आसपासच्या थंडीत, म्हणजे नेमके आपल्या फ्रिजच्या कप्प्यात असते तेवढ्या तापमानाला. म्हणून फ्रिजमधला पाव बाहेर ठेवलेल्या पावापेक्षा कितीतरी लवकर शिळा होतो. फ्रिज बुरशीला थोपवतो, हे खरे. पण मऊपणा घालवतो.

तापमान आणखी उतरले, उणे 18 अंशांच्या जवळ गेले, की पावातले पाणी गोठते आणि स्टार्चची ही हालचाल जवळजवळ थांबते. पाव ज्या अवस्थेत आत गेला, त्याच अवस्थेत राहतो. उलट बाजूने, शिळा पाव साधारण 60 अंशांच्या वर तापवला की घट्ट बसलेले स्टार्च पुन्हा सैल होते. कालचा पाव तव्यावर गरम केला की मऊ होतो, तो यामुळेच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधील कात्झ या संशोधकाने याच गोष्टीचा बारकाईने अभ्यास केला. त्यामागे एक वेगळाच प्रश्न होता. लोकांना सकाळी ताजा पाव हवा म्हणून भट्टीवरच्या कामगारांना रात्रभर जागावे लागे. दिवसा भाजलेला पाव दुसऱ्या सकाळपर्यंत ताजा ठेवता आला, तर ही रात्रपाळी टळेल का, असा तो प्रश्न होता. आपल्या मोहल्ल्यातल्या बेकरीत रात्री दोन वाजता कणीक मळणाऱ्या मुलांना पाहिलेल्या कोणालाही त्याचे मोल समजेल. आपण सहज टाकून देतो त्या पावात कोणाची तरी झोप गेलेली असते.

बुरशीच्या बाबतीत भीड नको

हिरवा, काळा किंवा पांढरा कापसासारखा डाग दिसला की तो पाव पूर्ण टाकायचा. डाग वर दिसतो तेवढाच नसतो. बुरशीचे तंतू मऊ पावात आतपर्यंत पसरलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. काही बुरशी विषारी द्रव्ये तयार करतात आणि ती तव्यावर भाजल्याने नाहीशी होतील याचा भरवसा नसतो. त्यामुळे "भाजला की चालतो" हा समज सोडायला हवा. लादीतल्या एका पावाला बुरशी आली असेल तर त्याला चिकटलेले शेजारचे पावही टाकावेत. वास घेऊन पाहण्याचीही गरज नाही, कारण बुरशीचे कण श्वासाबरोबर आत जातात.

पावसाळ्यात आणि उकाड्यात आणखी एक बिघाड होतो. पाव मोडला की आत चिकट तार सुटते आणि जास्त पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येतो. वरून डाग काहीच नसतो. हे जिवाणूंचे काम. असा पावही खाऊ नये.

मग तो कोंबड्यांना घालावा का? बुरशी लागलेला पाव कोंबड्यांनाही बाधतो. शेळ्या-बकऱ्यांच्या बाबतीत तर चांगला पावसुद्धा एकदम जास्त घालणे धोक्याचे आहे. पोटात आम्ल वाढून जनावर फुगते, आजारी पडते, प्रसंगी मरतेही. बकरी ईदसाठी आणलेल्या बोकडाला घरातले उरलेले पाव-रोटी लाडाने भरवणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा.

फ्रीझर बुरशीला मारत नाही, फक्त थांबवतो. बुरशी धरू लागलेला पाव फ्रीझरमध्ये ठेवला तर बाहेर काढल्यावर ती पुन्हा वाढू लागते. म्हणूनच सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा की, पाव आणला त्याच दिवशी ठेवा. "दोन दिवसांत संपला नाही तर फ्रीझरमध्ये टाकू," असे म्हणू नका. दोन दिवसांचा पाव आत टाकला, तर महिन्याने बाहेर येईल तोही दोन दिवसांचाच असेल.

ठेवण्याची पद्धत

पाव भट्टीतून गरम आला असेल तर आधी तासभर किंवा जास्त वेळ जाळीवर, स्वच्छ कापडाखाली पूर्ण गार होऊ द्या. गरम पाव पिशवीत बांधला की आत वाफेचे पाणी होते, त्याचा बर्फ होतो आणि नंतर पाव गिचका होतो.

एका वेळेला जितके लागतात तितक्यांचेच पुडे करा, दोनाचे किंवा चाराचे. लादीतले पाव एकमेकांपासून सुटे करू नका. जोडलेल्या बाजू वाळत नाहीत. छोटे पुडे करण्याचे आणखी एक कारण आहे. मोठा गठ्ठा आतपर्यंत गोठायला फार वेळ घेतो आणि तेवढा वेळ मधले पाव त्या शून्य अंशाच्या नको असलेल्या थंडीत पडून राहतात. पहिले दोन-तीन तास पुडे सुटे-सुटे ठेवा. दगडासारखे झाले की मग एकावर एक रचा.

पुडा स्वच्छ प्लास्टिकमध्ये किंवा क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा, मग झिपच्या पिशवीत घालून हाताने दाबून हवा काढून टाका. फ्रीझरची हवा फार कोरडी असते. उघड्या पावातले पाणी ती ओढून घेते आणि पावावर पांढरे कोरडे चट्टे पडतात. वर्तमानपत्रात मात्र गुंडाळू नका. छपाईची शाई अन्नाला लागू नये, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही सांगितलेले आहे. पुड्यावर कागदी पट्टी चिकटवून तारीख लिहा. आज लक्षात राहते, तीन आठवड्यांनी राहत नाही.

स्लाइसचा ब्रेड असेल तर दोन-दोन किंवा चार-चार स्लाइस वेगळे बांधा. बनपाव, नान, खमिरी रोटी, शीरमाल याच पद्धतीने ठेवता येतात. दूध, तूप, दही घातलेल्या रोट्या मुळातच उशिरा ताठ होतात, त्यामुळे त्या फ्रीझरमध्ये छान राहतात. नानचे कच्चे पीठ मात्र गोठवू नका. थंडीत यीस्टचा काही भाग मरतो आणि नंतर पीठ नीट फुगत नाही. नान भाजून, गार करून ठेवणेच चांगले. खारी, टोस्ट, बटर यांना फ्रीझरची गरज नाही. त्यांना घट्ट झाकणाचा डबा पुरे.

फ्रीझरमधली जागा

आपल्या घरांत फ्रीझर म्हणजे मटण, चिकन आणि मासळी. बकरी ईदनंतर तर कुरबानीच्या मटणाने तो काठोकाठ भरतो. पाव नेहमी सर्वांत वरच्या बाजूला ठेवा आणि कच्चे मटण खाली, गळणार नाही अशा डब्यात. मटण शिजवून खातो, पाव नुसता कोमट करून. वीज गेल्यावर मटणाचे पाणी सुटून पावावर ठिबकले, तर त्यातले जंतू सरळ पोटात जातात. शिवाय पाव वास लवकर धरतो. बोंबील-बांगड्याच्या शेजारी सैल बांधलेला पाव दोन दिवसांत मासळीचा वास घेतो. तेव्हा दुहेरी पिशवी हवीच. मटण भरायचे असेल त्या दिवशी पाव गोठवायला घालू नका. एवढे मांस एकदम आत गेले की फ्रीझरची थंडी उतरते.

दोन दारांच्या फ्रिजचा वेगळा फ्रीझर असेल तर पाव महिनाभर उत्तम राहतो. पुढे तो बिघडत नाही, पण चव उतरू लागते. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा सहसा तेवढा थंड होत नाही आणि दार उघडले की त्यालाही बाहेरची हवा लागते. तेथे आठ-दहा दिवसांत पाव संपवा. पाव दाराजवळ न ठेवता मागे ठेवा.

लोडशेडिंगच्या वेळी फ्रीझर उघडू नका. बंद, भरलेला फ्रीझर बराच वेळ थंडी धरून ठेवतो. मे महिन्यात गावी जाणार असाल तर एक सोपी युक्ती करा. वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणे ठेवा. परत आल्यावर नाणे वरच असेल तर काळजी नाही. नाणे बर्फात खाली बुडालेले दिसले, तर मधल्या काळात सगळे वितळून पुन्हा गोठले आहे, असे समजा. मग मटण तर नाहीच, पावही ठेवू नका.

बाहेर काढल्यावर

बर्फातला पाव वाईट लागतो, ही तक्रार बहुतेक वेळा पाव काढण्याच्या पद्धतीमुळे होते. रात्री झोपताना पुडा बाहेर काढून ठेवा, पण उघडू नका. बाहेरच्या दमट हवेचे पाणी पिशवीवर जमेल, पावावर नाही. सकाळी पिशवी पुसून मग उघडा. घाई असेल तर तास-दीड तासातही पाव सुटतो.

सुटलेला पाव नुसता खाल्ला तर थोडा ताठ वाटेल. त्याला गरम करणे आवश्यक आहे. तवा मंद आचेवर ठेवा, पावावर पाण्याचा हलका हात फिरवा, झाकण घालून दोन-तीन मिनिटे ठेवा. मधला भाग चांगला गरम झाला पाहिजे. कडक पाव किंवा ब्रुन असेल तर झाकण नको, ओव्हनमध्ये 180 अंशांवर पाच-सात मिनिटे ठेवला की वरचा कुरकुरीतपणा परत येतो. स्लाइस फ्रीझरमधून थेट टोस्टरमध्ये किंवा तव्यावर टाकावेत. मायक्रोवेव्ह वापरायचा असेल तर एका पावाला दहा-पंधरा सेकंद पुरेत. जास्त झाले तर पाव रबरासारखा होतो.

गरम केलेला पाव लगेच खा. तो दुसऱ्यांदा ताठ होतो तो पहिल्यापेक्षा लवकर. एकदा सुटलेला पाव पुन्हा गोठवू नका. म्हणूनच पुडे छोटे करायचे.

सहरीची चपाती

रमजानमध्ये पहाटे साडेतीनला उठून कणीक मळणाऱ्या भगिनींना या पद्धतीचा सर्वांत जास्त उपयोग आहे. समोसा पट्टी आपण रमजानच्या आधी करून ठेवतोच. तशाच चपात्याही ठेवता येतात. कणीक नेहमीपेक्षा जरा सैल आणि तेल घालून मळा. चपाती थोडी जाड लाटा. कोरड्या तव्यावर प्रत्येक बाजूला वीस-पंचवीस सेकंद, रंग बदलून बारीक फोड येईपर्यंतच शेका. तांबूस डाग पडू देऊ नका. गार झाल्या की मध्ये बटर पेपर घालत आठ-दहा चपात्या रचा आणि हवाबंद पिशवीत सपाट ठेवा. पहाटे वितळायची वाट न पाहता थेट तापलेल्या तव्यावर टाका, उलटा, तेल किंवा तूप सोडून फडक्याने दाबत भाजा. महिन्याभरात संपवा.

तांदळाच्या आणि ज्वारीच्या भाकरीला मात्र ही पद्धत मानवत नाही. त्यांच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो. गोठवलेली भाकरी काढताना तडकते आणि भुगा होतो. भाकरी ताजीच बरी. उरलीच तर त्याच दिवशी कुस्करून, कांदा-मिरचीच्या फोडणीवर परतून खावी.

प्रत्येक पाव फ्रीझरमध्येच का?

ज्यांच्या दारात रोज ताजा पाव येतो, त्यांनी फ्रीझर भरण्यापेक्षा मोजून पाव घ्यावेत. गोव्यात पोदेर सकाळ-संध्याकाळ पाव घेऊन येतो, तिथे साठवण्याचा प्रश्नच कमी. फ्रीझर उपयोगी पडतो तो पाववाला एकदाच येणाऱ्या वाडीत, नोकरी करणाऱ्या भगिनीच्या घरात आणि ईदच्या दिवसांत, जेव्हा बेकरीतली मुले आपल्या गावी गेलेली असतात आणि पाहुणे मात्र आलेले असतात.

थोडा ताठ झालेला, पण स्वच्छ पाव तर स्वयंपाकघराचे धनच आहे. शाही तुकडा ताज्या ब्रेडचा केला तर पाकात विरघळतो, एक दिवसाचा ब्रेड त्याला चांगला. पाव वाळवून, मिक्सरमधून काढून चुरा फ्रीझरमध्ये ठेवा. कटलेट आणि कबाबांना बांधायला तो महिना-दोन महिने उपयोगी पडतो. चपातीचा गूळ-तूप घालून मलिदा होतो, मटणाच्या रश्शात रोटी मोडली की सरीद.

रत्नागिरीच्या आमच्या भगिनीला शेवटी एवढेच सांगायचे आहे. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनी आयुष्यभर शिळा म्हणून जो पाव पाहिला, तो फ्रिजच्या कप्प्यातला किंवा चार दिवस डब्यात पडलेला होता. पुढच्या वेळी लादी आली की त्यांच्यासमोरच सहा पाव बांधा, तारीख त्यांनाच टाकू द्या, आणि आठवड्याने त्यांच्यासमोरच काढून, तव्यावर झाकण ठेवून गरम करा. पहिला पाव चहाबरोबर त्यांना द्या. पटला तर उत्तम. नाही पटला तर सहा पावांचीच अर्धी लादी घ्यायला सुरुवात करा. दोन्ही वाटांनी मुलांच्या ताटात बुरशीचा पाव येणार नाही आणि रिझ्कही वाया जाणार नाही.

पुढील अंकात कुरबानीचे मटण साठवण्याविषयी. भेटूया, इन्शाअल्लाह.